जुना पीसी आणि मोठी चित्रं: इरफानव्ह्यू बसवण्यापासून अडचणी सोडवण्यापर्यंत

संग्रहालयाच्या साइटवरून एखादं चित्र उतरवलं, हौसेने डबल-क्लिक केलं आणि 'पुरेशी मेमरी नाही' असा संदेश आला, की बहुतेक जण एकामागून एक चार-पाच व्ह्यूअर, म्हणजे चित्र पाहण्याचे प्रोग्रॅम, बसवत सुटतात. त्यातून पीसी आणखी जड होतो आणि चित्र काही उघडत नाही. चूक बहुधा प्रोग्रॅम निवडण्यात नसते, ती क्रमात असते. यंत्र आणि स्क्रीन तपासायच्या आधीच सॉफ्टवेअर टाकलं जातं, आणि फाइल किती मोठी आहे हे डिस्कवरच्या आकड्यावरून ठरवलं जातं.

हा लेख विंडोज ७ किंवा १०, २ ते ४ जीबी रॅम आणि जुनी हार्ड डिस्क असलेल्या पीसीसाठी आहे. प्रोग्रॅम एकच घेतला आहे, इरफानव्ह्यू. तो एक्सपीपासून विंडोज ११ पर्यंत चालतो, जागा थोडी घेतो आणि घरगुती वापरासाठी फुकट आहे. शाळा, संग्रहालयं आणि ग्रंथालयांनाही तो मोफत वापरता येतो. व्यवसायात वापरायचा असेल तर मात्र परवाना घ्यावा लागतो.

## १. आधी यंत्र ओळखा

'कॉम्प्युटर'वर (विंडोज १० मध्ये 'धिस पीसी'वर) राइट-क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथल्या दोन ओळी कागदावर लिहून ठेवा: 'इन्स्टॉल्ड मेमरी' आणि 'सिस्टम टाइप'.

सिस्टम टाइप वाचताना हमखास घोळ होतो. विंडोज १० मध्ये कधीकधी '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टम, एक्स६४ प्रोसेसर' असं लिहिलेलं असतं. लोक ओळीचा शेवट वाचतात आणि ६४-बिटचा प्रोग्रॅम उतरवतात. आपल्या कामाचा आहे ओळीचा पहिला भाग. ऑपरेटिंग सिस्टम ३२-बिट असेल तर प्रोग्रॅमही ३२-बिटच हवा, प्रोसेसर कितीही सक्षम असो.

३२-बिट विंडोजवर ४ जीबी रॅम असली तरी शेजारी '२.९९ जीबी युजेबल' किंवा असाच काहीतरी कमी आकडा दिसतो. हा बिघाड नाही, ३२-बिटची मर्यादा आहे. अशा पीसीत रॅमची आणखी पट्टी घालून पैसे वाया घालवू नका.

मग सी ड्राइव्हवरची मोकळी जागा पाहा. रॅम कमी पडली की विंडोज डिस्कचा काही भाग मेमरीसारखा वापरतं. ड्राइव्ह लाल झालेला असेल तर मोठं चित्र उघडताना यंत्र गुदमरणारच. निदान १० जीबी मोकळे करा.

तपासा: खालच्या कोपऱ्यातली तारीख बरोबर आहे का? वर्ष मागे गेलं असेल तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी, सीआर २०३२, संपलेली आहे. तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक सुरक्षित साइटवर प्रमाणपत्राची चूक दाखवतो आणि आपल्याला वाटतं साइटच बंद पडली. तारीख हाताने दुरुस्त केली तर पीसीचा प्लग काढला की पुन्हा चुकणार, त्यामुळे बॅटरीच बदला.

## २. स्क्रीन दुरुस्त करा, सॉफ्टवेअर नंतर

ही पायरी जवळपास सगळे गाळतात. विंडोज नव्याने टाकल्यावर डिस्प्लेचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला स्क्रीनचं हार्डवेअर नीट चालवायला लागणारा छोटा प्रोग्रॅम, टाकायचा राहून गेला असेल, तर स्क्रीन ८०० × ६०० किंवा १०२४ × ७६८ वर अडकते. १६:९ च्या मॉनिटरवर ४:३ चं चित्र ताणून दिसतं आणि माणसं फुगलेली वाटतात. रोजच्या कामात डोळा त्याला सरावतो. चित्र पाहताना ते चालणार नाही.

'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि 'डिस्प्ले अडॅप्टर्स' पाहा. तिथे 'स्टँडर्ड व्हीजीए ग्राफिक्स अडॅप्टर' किंवा 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर' असं नाव असेल तर खरा ड्रायव्हर बसलेला नाही. मदरबोर्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून मॉडेल नंबर टाकून तो घ्या. 'सगळे ड्रायव्हर आपोआप शोधून देतो' म्हणणाऱ्या फुकट प्रोग्रॅमच्या नादी लागू नका. ते ड्रायव्हरपेक्षा जाहिराती जास्त देतात.

ड्रायव्हर बसला की मॉनिटरचं मूळ रिझोल्यूशन निवडा. १७ इंची चौकोनी मॉनिटरला बहुधा १२८० × १०२४, साडेअठरा इंचीला आणि जुन्या १५.६ इंची लॅपटॉपला १३६६ × ७६८. यादीत ज्या आकड्यापुढे 'रेकमेंडेड' लिहिलेलं असतं, तोच. अक्षरं बारीक दिसतात म्हणून रिझोल्यूशन कमी करू नका. अक्षरांचा आकार वेगळ्या सेटिंगमधून वाढवता येतो.

विंडोज ७ मध्ये तिथेच 'अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज' आणि मग 'मॉनिटर' या पानावर रंगांची खोली 'ट्रू कलर, ३२ बिट' आहे ना ते बघा. १६ बिटवर एकूण ६५,५३६ च रंग मिळतात, आणि आकाशाच्या सलग छटेत पट्टे पडलेले दिसतात. दोष चित्राला लावला जातो.

निळ्या तोंडाची व्हीजीए केबल असेल तर ती काढून पिना पाहा. एक पिन वाकली की एखादा मूळ रंग गायब होतो आणि सगळी स्क्रीन गुलाबी किंवा हिरवट होते. केबल परत लावताना दोन्ही बाजूंचे स्क्रू आवळा आणि मॉनिटरवरचं 'ऑटो' बटण एकदा दाबा. कडा लगेच टोकदार होतात.

तपासा: योहानेस व्हर्मीरचं 'द मिल्कमेड', म्हणजे भांड्यात दूध ओतणाऱ्या बाईचं चित्र, अॅम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. मूळ कॅनव्हास ४५.५ सेंटिमीटर उंच आणि ४१ सेंटिमीटर रुंद. तुमच्या स्क्रीनवर ते पूर्ण दिसेल असं उघडा आणि साध्या पट्टीने मोजा. उंची रुंदीपेक्षा थोडी जास्त भरली तर ठीक. रुंदी जास्त भरली तर रिझोल्यूशन अजून चुकीचं आहे, पुढे जाऊ नका.

## ३. उतरवणं आणि बसवणं

इरफानव्ह्यूच्या मूळ साइटवरूनच घ्या. शोधयंत्रात वर येणाऱ्या डाउनलोड-साइटवर हिरवी बटणं पाच असतात आणि खरं एक. तिथून घेतलेल्या इन्स्टॉलरबरोबर टूलबार, 'पीसी क्लीनर' असलं बरंच काही येतं.

विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ जानेवारी २०२० पासून नाही, आणि क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती. त्यामुळे सर्वांत सोपं म्हणजे दुसऱ्या, चालू पीसीवर फाइल उतरवून पेनड्राइव्हने आणणं. बँकेचं काम तर अशा यंत्रावर करूच नये.

दोन फाइली लागतात: मुख्य प्रोग्रॅम आणि प्लगइनचा, म्हणजे त्याला जादा क्षमता देणाऱ्या जोडण्यांचा, संच. क्रम असा:

१. मुख्य प्रोग्रॅम बसवा. कोणत्या फाइली यात उघडायच्या असं विचारलं जाईल तेव्हा 'इमेजेस ओन्ली' निवडा, नाहीतर गाणी आणि व्हिडिओही यातच उघडू लागतील.

२. प्रोग्रॅम एकदा उघडून बंद करा.

३. मग प्लगइन बसवा, त्याच फोल्डरमध्ये.

सावधान: प्लगइन मुख्य प्रोग्रॅमच्याच बिटचे आणि त्याच आवृत्तीचे हवेत. ३२-बिट प्रोग्रॅमला ६४-बिटचे प्लगइन दिले तर काहीच चूक दाखवली जात नाही. इन्स्टॉलर 'झालं' म्हणतो, पण ठरावीक फाइली उघडत नाहीत, आणि शोधणारा भलतीकडेच शोधत बसतो.

तपासा: 'हेल्प'मध्ये 'अबाउट' उघडा, आवृत्ती आणि ३२ की ६४ ते तिथे लिहिलेलं असतं. मग 'हेल्प'मध्येच 'इन्स्टॉल्ड प्लगइन्स' पाहा. लांबलचक यादी दिसली तर काम झालं.

## ४. सेटिंग्ज, पण मोजक्याच

'व्ह्यू' मेनूत 'डिस्प्ले ऑप्शन्स'मध्ये 'फिट ओन्ली बिग इमेजेस टू विंडो' निवडा. म्हणजे मोठं चित्र खिडकीत मावतं आणि लहान चित्र उगाच ताणलं जात नाही.

तिथेच 'रिसॅम्पल'चे, म्हणजे आकार बदलताना पिक्सेल नव्याने मोजून काढण्याचे, पर्याय आहेत. त्यांनी कडा मऊ आणि सुंदर दिसतात, पण जुन्या प्रोसेसरवर प्रत्येक झूमला यंत्र थबकतं. खिडकीत बसवण्यासाठीचं रिसॅम्पल चालू ठेवा आणि झूमसाठीचं बंद करा. मला हाच तोडगा सगळ्यांत सोयीचा वाटतो.

'पी' दाबल्यावर सेटिंग्ज उघडतात. ब्राउझिंगच्या पानावर पुढचं चित्र आधीच लोड करून ठेवण्याचा पर्याय आहे. २ जीबीच्या पीसीवर तो बंदच हवा, नाहीतर एक चित्र पाहताना दोन चित्रांची मेमरी खर्च होते. फाइलींना 'रविवर्मा_शकुंतला' अशी देवनागरी नावं देत असाल तर युनिकोडचा पर्याय चालू आहे ना हेही पाहून घ्या. जुन्या आवृत्त्यांत तो बंद असला की नावाच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतात आणि फाइल सापडत नाही.

एवढं पुरे. बाकीच्या पन्नास पर्यायांना हात न लावलेला बरा.

## ५. योग्य फाइल घेणं

'चित्र मोठं केलं की धुरकट दिसतं' ही तक्रार दहातल्या आठ वेळा इथे अडकलेली असते. पानावर दिसणाऱ्या चित्रावर राइट-क्लिक करून 'सेव्ह इमेज' केलं की पानावरचं लहान चित्रच मिळतं, मूळ फाइल नाही.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या साइटवर, ज्या कलाकृतींवर आता कुणाचा स्वामित्वहक्क नाही तिथे डाउनलोडचं वेगळं बटण असतं. विकिमीडिया कॉमन्सवर चित्राखाली 'ओरिजिनल फाइल' आणि वेगवेगळ्या आकारांची यादी असते. क्लीव्हलंड म्युझियम ऑफ आर्टमध्ये भारतीय लघुचित्रांचा मोठा साठा आहे, मुघल काळातलं 'तूतीनामा'सुद्धा तिथेच आहे. त्यांच्याकडे बऱ्याच कलाकृतींची जेपेग (दाबून लहान केलेली फाइल) आणि टिफ (तपशील न गमावणारी, म्हणून मोठी फाइल) अशी दोन्ही रूपं मिळतात. जुन्या पीसीसाठी जेपेगच घ्या. टिफ उतरवायला वेळ लागतो, जागा खातं आणि १३६६ × ७६८ च्या स्क्रीनवर डोळ्याला फरक कळत नाही.

तपासा: चित्र उघडून 'आय' दाबा. मूळ आकार ६०० किंवा ८०० पिक्सेल दिसला तर तुम्ही पानावरचं लहान चित्र उतरवलं आहे. बरोबर फाइल असेल तर 'मिल्कमेड'मध्ये कंट्रोल + एच दाबून खऱ्या आकारात बाईच्या मागच्या भिंतीवर जा. पांढऱ्या गिलाव्यात ठोकलेला खिळा, त्याची सावली आणि उपटलेल्या खिळ्यांची भोकं स्पष्ट दिसायला हवीत.

## ६. मेमरीचा हिशोब

सगळ्या लेखात महत्त्वाची पायरी हीच. जेपेग ही दाबून बसवलेली फाइल असते. घडी घातलेली सतरंजी कपाटाच्या एका कप्प्यात मावते, अंथरायला मात्र खोली लागते. तुमच्या रॅमवर भार पडतो तो अंथरलेल्या चित्राचा.

हिशोब सोपा आहे: रुंदी × उंची × ३ बाइट. ४००० × ३००० चं चित्र उघडल्यावर ३६ एमबी घेतं. ८००० × ६००० चं १४४ एमबी. दोन्ही बाजू दुप्पट झाल्या की भार चौपट.

आता एक टोकाचं उदाहरण. व्हॅन गॉगच्या 'द स्टारी नाइट'ची गूगल आर्ट प्रोजेक्टची फाइल कॉमन्सवर आहे, ३०,००० × २३,७५६ पिक्सेलची. डिस्कवर ती सुमारे २०० एमबी भरते आणि माणूस म्हणतो, माझ्याकडे तर ३ जीबी रॅम आहे! हिशोब केला तर ७१ कोटींहून अधिक पिक्सेल, म्हणजे २१३ कोटी बाइट, जवळपास २ जीबी. ३२-बिट विंडोजवर एका प्रोग्रॅमला मिळणारी एकूण जागाच साधारण २ जीबी असते, आणि तीही सलग मिळत नाही. ३२-बिट इरफानव्ह्यू साधारण १.३ जीबीच्या पुढे हात टेकतो. ही फाइल तिथे उघडणार नाही, आणि सगळं चित्र एकदम मेमरीत घेणारा दुसरा व्ह्यूअर टाकूनही नाही. ६४-बिट विंडोज आणि ६४-बिट इरफानव्ह्यू असेल तर उघडते, पण ४ जीबीच्या यंत्रावर चहा करून येण्याइतका वेळ लागतो.

हा आकडा दरवेळी कागदावर काढायची गरज नाही. 'आय' दाबल्यावर येणाऱ्या खिडकीत 'डिस्क साइझ' आणि 'करंट मेमरी साइझ' या दोन ओळी असतात. त्या शेजारी ठेवून एकदा बघाच.

माझा नियम असा: २ जीबीच्या पीसीवर मेमरी साइझ १५० एमबीच्या आत, ४ जीबीवर ४०० च्या आत. त्याहून मोठी फाइल असेल तर लहान प्रत करा:

१. कॉमन्सवरची असेल तर तिथल्या यादीतूनच लहान आकार घ्या. स्वतः लहान करण्याचा खटाटोप कशाला?

२. एखाद-दुसरी फाइल असेल तर ती उघडून कंट्रोल + आर, लांब बाजू ५००० पिक्सेल, प्रमाण कायम ठेवण्याच्या खुणेसह, 'रिसॅम्पल' पद्धतीने. नंतर 'सेव्ह अॅज' करून नवीन नाव द्या आणि दर्जा ९० ठेवा.

३. ढीगभर फाइली असतील तर 'बी' दाबून बॅच कन्व्हर्जन. 'अॅडव्हान्स्ड'मध्ये आकार ठरवा.

सावधान: बॅच सुरू करण्याआधी आउटपुट फोल्डर वेगळा निवडला आहे ना, हे दोनदा पाहा. मूळ फोल्डरच राहिला आणि जुन्या फाइलींवर लिहिण्याची परवानगी दिली, की मूळ चित्रं गेली. त्यांना परत आणता येत नाही.

याच्या उलट एक गंमत. राइक्सम्युझियमने २०२२ मध्ये रेम्ब्रांटच्या 'द नाइट वॉच'चं ७१७ गिगापिक्सेलचं छायाचित्र प्रसिद्ध केलं. ते जुन्या पीसीवरही ब्राउझरमध्ये आरामात पाहता येतं, कारण साइट चित्राचे छोटे चौकोन करून ठेवते आणि स्क्रीनवर दिसणारे तेवढेच पाठवते. म्हणून अगदी ब्रशचे फटकारे पाहायचे असतील तर फाइल उतरवण्याचा हट्ट सोडा आणि साइटवरच झूम करा. विंडोज ७ वर त्यासाठी फायरफॉक्सची दीर्घ आधाराची ११५ आवृत्ती वापरा.

## ७. रंग, सगळ्यात शेवटी

मॉनिटर चालू करून अर्धा तास झाल्यावरच रंगांना हात घाला. मॉनिटरच्या मेनूत 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' बंद करा, आणि 'मूव्ही', 'गेम' वगैरे सोडून 'स्टँडर्ड' किंवा 'एसआरजीबी' निवडा. मग स्टार्टमध्ये 'कॅलिब्रेट डिस्प्ले कलर' शोधा आणि तो सांगेल तसं पुढे जा. खोलीत पिवळा दिवा असेल किंवा खिडकीचं ऊन स्क्रीनवर पडत असेल तर हे सगळं व्यर्थ.

जुन्या स्वस्त पॅनेलवर डोळा वर-खाली केला तरी रंग बदलतो. नजर स्क्रीनच्या मध्यावर येईल अशी खुर्ची ठेवा, बस्स.

इरफानव्ह्यूच्या सेटिंग्जमध्ये रंग-व्यवस्थापन चालू करता येतं, मात्र त्यासाठी प्लगइन लागतात. फाइलमध्ये अॅडोबी आरजीबी प्रोफाइल (रंग कसे दाखवायचे याची नोंद) असेल तर हे चालू केल्याशिवाय चित्र फिकट दिसतं.

## अडलं तर

'धिस अॅप कान्ट रन' किंवा 'नॉट अ व्हॅलिड विन३२ अॅप्लिकेशन'. ३२-बिट विंडोजवर ६४-बिटचा इन्स्टॉलर चालवला आहे. पायरी १ पुन्हा वाचा.

विंडोजचा स्वतःचा फोटो व्ह्यूअर 'मेमरी अपुरी' म्हणतो, पण चित्र लहान आहे. इथे दोष बहुधा मेमरीचा नसून मॉनिटरच्या बिघडलेल्या रंग-प्रोफाइलचा असतो. पांढरा रंग पिवळट दिसण्याचं कारणही हेच. 'कलर मॅनेजमेंट' उघडून तिथलं प्रोफाइल काढा आणि 'एसआरजीबी' जोडून डिफॉल्ट करा.

फाइल उघडताच 'चुकीचं एक्स्टेन्शन' असं विचारतो. फाइलचं नाव जेपेगचं असतं पण आत वेबपी किंवा पीएनजी असतं. 'रिनेम'ला होकार द्या. वेबपी अजिबात उघडत नसेल तर प्लगइन बसलेले नाहीत.

रंग भडक, फ्लुरोसंट दिसतात. ती छपाईसाठीची सीएमवायके फाइल असावी. दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठाची फाइल डिझायनरकडून आली की हे हमखास होतं. त्याच्याकडेच आरजीबी प्रत मागा.

फोल्डर उघडताच यंत्र गोठतं. प्रत्येक चित्राचं लघुरूप बनवायला विंडोजला ते पूर्ण उघडावं लागतं. फोल्डरचा व्ह्यू 'डिटेल्स'वर ठेवा आणि एका फोल्डरमध्ये शे-सव्वाशेपेक्षा जास्त मोठी चित्रं साठवू नका.

मेनू गायब, सेटिंग्ज विचित्र. प्रोग्रॅम बंद करा, 'अॅपडेटा'मधल्या इरफानव्ह्यूच्या फोल्डरमध्ये जा आणि आयएनआय फाइलचं, म्हणजे सेटिंग्ज साठवणाऱ्या फाइलचं, नाव बदला. पुढच्या वेळी तो कोऱ्या सेटिंग्जसह उघडेल. नुसता अनइन्स्टॉल करून परत टाकल्याने हे जात नाही, कारण जुनी आयएनआय तिथेच राहू शकते.

मोठं चित्र उघडताना कधी चालतं, कधी निळी स्क्रीन. हा रॅमचा संशय. स्टार्टमध्ये 'विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक' शोधा आणि रात्री लावून ठेवा. चूक निघाली तर पीसी बंद करून प्लग भिंतीतून काढा, कॅबिनेटच्या धातूला हात लावून अंगातली वीज उतरवा, मग पट्टी काढून तिचे सोनेरी संपर्क पांढऱ्या खोडरबरने हलके घासा. रबराचा चुरा फुंकून नव्हे, कोरड्या ब्रशने झटका. फुंकरीबरोबर ओल जाते. पट्टी परत बसवताना दोन्ही टोकांच्या खिट्ट्या 'टक्' करून बसल्या पाहिजेत. चाचणी पुन्हा लावा. तरीही चूक दाखवली तर पट्टी बदला, आणि नवीन घेताना डीडीआर२ की डीडीआर३ हे जुन्या पट्टीवरच्या स्टिकरवरून पाहून जा. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.